कळा नाहीत म्हणून घरी पाठवणाऱ्यांना आमचा सवाल

फेब्रुवारी आला की मनमाडात बॅनर लागतात. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी बाबासाहेब या गावात जी.आय.पी. रेल्वेच्या दलित वर्ग कामगारांच्या परिषदेसाठी आले होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी इथेच सांगितले. आमच्या पोरांना हे तोंडपाठ आहे. ते टी-शर्टावर आहे, स्टेटसवर आहे, मिरवणुकीतल्या ट्रकवर आहे. आमचा सवाल एवढाच आहे की हे दोन शत्रू आज मनमाडात नेमके कुठे राहतात? रेल्वेच्या वर्कशॉपात? धान्याच्या गोदामात? मार्केट यार्डात? तिथे तर आहेतच. पण मध्यरात्री ते ज्या दारात हमखास भेटतात त्या दाराकडे आपली चळवळ अजून वळलेली नाही. ते दार बाळंतपणाच्या खोलीचे आहे.

विषय बाळंतपणाचा आहे म्हटल्यावर काही भाऊ हा लेख बायकोला किंवा बहिणीला फॉरवर्ड करून मोकळे होतील. त्यांनी तसे करू नये. लेख त्यांच्यासाठीच लिहिला आहे.

गोष्ट एका उन्हाळ्यातली. आमच्या ओळखीच्या घरातली एक सून, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. नवरा हमाल. ती स्वतः सातव्या महिन्यापर्यंत कांद्याच्या खळ्यावर निवडायला जात होती. रात्री जेवणे आटोपल्यावर भांडी घासायला बसली आणि उठताना पायावरून कोमट पाणी ओघळले. तिला वाटले लघवी झाली. आवरून धरायला गेली तर आवरेना. कपडा बदलला, तोही भिजला. पोटात दुखत तर काहीच नव्हते. लाजेने ती तासभर गप्प बसून राहिली, कारण एका खोलीच्या घरात सासरा आणि दीर समोरच झोपलेले. शेवटी सासूच्या कानाशी गेली, "आत्याबाई, मला लघवी झाल्यावानी होतंय आणि थांबतच नाही." सासूने तीन बाळंतपणे काढलेली. ती म्हणाली, "अगं, पाणी गेलं तुझं. ऊठ, चल."

रिक्षा करून दोघी एका दवाखान्यात गेल्या. कोणत्या ते लिहीत नाही, कारण आमचे भांडण एका इमारतीशी नाही. तिथला संवाद सासूने आम्हाला तीन वेळा सांगितला, तिन्ही वेळा शब्दही बदलला नाही.

"कळा येतायत का?"

"नाही सिस्टर, पण पाणी गेलंय तिचं."

"कळा नाहीत ना? मग रात्रीचं कशाला आणलं? लघवी झाली असेल. पहिल्या वेळेला सगळ्यांना असंच वाटतं. कळा सुरू झाल्या की या."

कोणी तपासले नाही. भिजलेला कपडा कोणी पाहिला नाही. केसपेपर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरीला हुडहुडी भरून ताप आला आणि कपड्यावरचा डाग हिरवट दिसला तेव्हा पुन्हा धावपळ. मग मात्र एकामागून एक तिघांनी हात घालून तपासले, आणि "इथे होणार नाही, पुढे न्या" असे सांगितले. पुढच्या दवाखान्यात ती सुटली. बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत. आईचा ताप पाच दिवस उतरला नाही. दोघेही घरी आले, आणि याचे श्रेय त्या पुढच्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईला आहे, जी दोन रात्री पोरीच्या खाटेपासून हलली नाही. तेही लिहिले पाहिजे.

पण घरी आल्यावर आम्ही कागद पाहिले. पाणी गेल्याची वेळ म्हणून लिहिले होते, त्याच दिवशी दुपारी चार. आदल्या रात्रीचे दहा कुठेच नाहीत. पहिली फेरी कागदावर झालेलीच नाही. म्हणजे उद्या त्या बाळाचे काही बरेवाईट झाले असते तर कागद म्हणाला असता की बाई वेळेत आली, दवाखान्याने वेळेत पुढे पाठवली, दोष कोणाचा नाही. फार तर बाईचा.

आम्ही डॉक्टर नाही. पण चळवळीतल्या डॉक्टर मित्रांकडून जे समजून घेतले ते प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवे. बाळ पोटात पाणमोटेत असते. बहुतेक बायकांच्या कळा आधी सुरू होतात आणि मग पाणमोट फुटते. पण दिवस भरलेल्या शंभर बायकांमध्ये साधारण आठ जणींची पाणमोट आधी फुटते, कळा मागून येतात. म्हणजे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. सिनेमात दाखवतात तसा दरवेळी लोंढा येत नाही. कधी भसकन येते, कधी नुसती धार, कधी थेंब थेंब. उठताना, खोकताना जास्त. लघवी मनावर घेतली तर थोपवता येते, हे थोपवता येत नाही, आणि याला लघवीचा वास नसतो. जुन्या बायका "कोरडं बाळंतपण" म्हणून घाबरतात, ते खरे नाही. पाणी आत तयार होत राहते, बाळ कोरडे पडत नाही. धोका दुसरा आहे. पाणमोट ही बाळाची भिंत आहे. ती फुटली की बाहेरचा जंतू आत जायला वाट मोकळी, आणि जितके तास जातील तितका धोका वाढतो. अशा साधारण साठ टक्के बायकांना चोवीस तासांत आपोआप कळा येतात. उरलेल्यांना औषधाने कळा आणाव्या लागतात. तोवर ताप, नाडी, बाळाचे ठोके, पाण्याचा रंग पाहत राहावे लागते. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केली आहे, मग एक मिनिट थांबायचे नाही. रक्त जात असेल, वास येत असेल, बाळाचे हलणे कमी झाले असेल, नाळ खाली आली असेल तरी तसेच. आणि सदतीस आठवडे भरायच्या आत पाणी गेले तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठलाच पाहिजे. तिथे जंतुसंसर्ग रोखायचे औषध आणि लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या फुप्फुसांसाठीचे इंजेक्शन यांनी जीव वाचतात. पाणी गेल्यावर विनाकारण पुन्हा पुन्हा हात घालून तपासायचे नसते, कारण त्या हातांबरोबरच जंतू आत जातात.

यातले काहीही गुपित नाही. गरोदर बाईला सरकार जे माता व बाल संरक्षण कार्ड देते त्यावर, ज्या लक्षणांवर लगेच दवाखान्यात जायचे त्या लक्षणांत, कळा नसताना पाणमोट फुटणे हे छापलेले आहे. चित्रासकट. म्हणजे सासूने जे सांगितले ते सरकारने छापलेले होते. सरकारच्या कागदावरचे सत्य एका बाईच्या तोंडून आले तेव्हा ते खोटे ठरले.

इथे काही लोक म्हणतील, यात जात कुठे आली? सिस्टर तर आपल्याच समाजाची असेल! असेलही. पण मग १९३८ चे मनमाडचे भाषण नुसते टी-शर्टावर न छापता वाचा. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असा अर्थ मला अभिप्रेत नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती ब्राह्मणांपुरती मर्यादित नाही, सगळ्या वर्गांत पसरली आहे, असा खुलासा बाबासाहेबांनी त्याच भाषणात केला आहे. जिच्या अंगावर पाणी वाहते आहे तिला स्वतःच्या अंगाची माहिती नाही आणि टेबलामागे बसलेल्याला न तपासताच आहे, हे ठरवणारी वृत्ती ती हीच. हीच वृत्ती सोनोग्राफीची फाइल हातात घेऊन गाडीतून उतरलेल्या बाईसमोर कुठे जाते? तिला कोणी "लघवी झाली असेल" म्हणत नाही. तिला खुर्ची देतात.

आणि हा किळसवाणा सूर आला कुठून? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुद्ध व्हायला ब्राह्मणाला दहा दिवस आणि शूद्राला महिना लावला आहे. सोयर-सुतकाचे हे कोष्टक तिथले. बाळंतपणाचे रक्त, पाणी, वार, नाळ हे सगळे विटाळ, आणि विटाळाचे काम कोणी करायचे? गावोगावी नाळ कापायला मांगीण, महारीण. सवर्णाच्या घरातले बाळ तिच्या हातात यायचे, पण त्यानंतर तिला दारात उभे करत नसत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळले. पण त्यातली किळस जळली नाही, ती पगारी झाली. "पाय वर कर", "ओरडू नको", "तेव्हा मजा वाटली ना" ही भाषा आमच्या किती आया-बहिणींनी ऐकली आहे ते घरी विचारा. आईलाच विचारा. बहुतेकांनी आजवर विचारलेले नाही.

बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये महारवाड्यातली बाळंतपणे लिहून ठेवली. अडलेल्या पोरीला जो तो हात घालून बघणार, नखांनी जखमा होणार, त्या पिकणार, पोटात अन्न नाही, आणि ताप चढून कोवळी पोर जाणार. त्या बायकांकडे अज्ञान होते, आणि ते अज्ञान त्यांच्यावर लादलेले होते. आज हातमोजे आहेत, शिकलेली माणसे आहेत, पुस्तके आहेत. तरीही पाणी गेलेल्या पोरीला आधी वीस तास घरी बसवून मग तिघांनी हात घातला असेल तर बेबीताईंच्या महारवाड्यात आणि इथे फरक कोणता?

हे झाले एका शत्रूचे दार. दुसऱ्याचे दार जवळच आहे, तिथे दिवे लख्ख असतात आणि रात्री अकरालाही हसून बोलतात. तिथे पाणी गेले हे लगेच मान्य होते! इतके लगेच की पाच मिनिटांत कागद पुढे येतो, "पाणी संपत चाललंय, बाळाला धोका आहे, सिझर करावं लागेल, सही करा." पाणी आधी गेले म्हणजे सिझर, असे कुठल्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेले नाही. बाळ नीट असेल, पाणी स्वच्छ असेल, ताप नसेल तर बहुतेक बायका वाट पाहून किंवा औषधाने कळा आणून सुटतात. कधी सिझर खरेच लागते, आणि लागते तेव्हा ते जीव वाचवते, त्याला आमचा विरोध नाही. पण घाबरलेल्या नवऱ्याकडून मंगळसूत्र गहाण टाकायला लावणारे सिझर आणि गरज म्हणून केलेले सिझर यातला फरक आम्हाला कळतो. एका दारात आमच्या बाईच्या शब्दाला किंमत नाही, दुसऱ्या दारात तिच्या भीतीला किंमत आहे. बाबासाहेबांनी दोन शत्रू एका दमात का सांगितले, हे या दोन दारांमध्ये रिक्षा घेऊन फिरलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

कर्मचाऱ्यांवर ताण आहे, जागा रिकाम्या आहेत, एका सिस्टरला तीन खोल्या बघाव्या लागतात, हे आम्हाला मान्य आहे. त्या रिकाम्या जागा भरा, कंत्राटी नर्सला कायम करा, आशाताईंना मानधनावर राबवू नका, यासाठी आम्ही त्यांच्यासोबत रस्त्यावर बसू. आशाताई तर बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या आहेत. पण कपडा पाहायला आणि वेळ लिहायला किती मिनिटे लागतात? ताण असला की गरिबाचीच तपासणी का गळते?

बाबासाहेबांचा या प्रश्नाशी संबंध नाही असे ज्यांना वाटते त्यांनी २८ जुलै १९२८ चे मुंबई विधिमंडळातले त्यांचे भाषण पाहावे. कारखान्यातल्या बायकांना प्रसूतिलाभ देणाऱ्या विधेयकावर ते बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, लोकांच्या कल्याणाचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि जो मालक त्या बाईच्या श्रमावर नफा कमावतो तोही यातून सुटत नाही, अशी त्यांची मांडणी. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाचे काम केले. रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली होती. हा माणूस आकडेवारीतून बोलत नव्हता. आता सांगा, १९२८ मध्ये गिरणीतल्या बाईसाठी जे मागितले ते आज कांद्याच्या खळ्यावर बसणाऱ्या बाईला मिळते का? १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा तिच्यापर्यंत कधी आला नाही, कारण ती कोणाच्याच मस्टरवर नाही. सातव्या महिन्यापर्यंत उकिडवी बसून ती कांदा निवडते आणि सुटी घेतली की रोज बुडतो.

आता आपल्याकडे बोट. मनमाड हे पाण्याच्या नावाने रडणारे गाव. वागदर्डी धरण आटले, पालखेडचे आवर्तन लांबले की नळ कधी आठ, कधी पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. ड्रममध्ये साठवलेले पाणी हेच धुण्याचे, हेच अंघोळीचे. पाणी गेलेल्या बाईला स्वच्छ राहा म्हणणे सोपे आहे. चवदार तळ्याचे वारसदार म्हणवणाऱ्या किती जणांनी नगरपालिकेत जाऊन विचारले की गरोदर बाईच्या घराला, दवाखान्याच्या बाळंतपण विभागाला टँकर आधी का नाही? रुळांनी गावाचे दोन तुकडे केलेले. २०२३ च्या नोव्हेंबरात पुणे-इंदूर महामार्गावरचा रेल्वेपूल ढासळला तेव्हा गाव कसे अडकून पडले ते सगळ्यांनी पाहिले. मालेगाव किंवा नव्वद किलोमीटरवरचे नाशिक गाठायचे तर वाटेतला प्रत्येक अर्धा तास पाणमोट फुटलेल्या पोरीच्या अंगावरून जातो.

आणि तो पहिला तास! ज्या तासात ती पोर लाजून गप्प बसली होती. तो तास सिस्टरने नाही, आपण घालवला. आपल्या घरात सुनेला "माझं पाणी गेलं" हे सासऱ्यासमोर मोठ्याने म्हणता येत नसेल तर भिंतीवरच्या सावित्रीमाईंच्या फोटोला हार घालून काय उपयोग? बाबासाहेबांच्या पक्षाने १९३८ मध्येच विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, भर सभागृहात. आपल्याला ८८ वर्षांनी स्वयंपाकघरात तोंड उघडायला लाज वाटते.

आम्ही काही कामे सुरू केली आहेत. वंदनेनंतर बायकांची बैठक होते, तिथे पुरुषही बसतात, आधी दोघे बसत, आता सात-आठ. प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डाला एक पेन बांधलेला आहे. पाणी गेले की घड्याळ बघून वेळ कार्डावर लिहायची, रंग लिहायचा, भिजलेला कपडा टाकायचा नाही, प्लास्टिकच्या पिशवीत सोबत न्यायचा. १०२ किंवा १०८ ला फोन लावायचा, नाही आली तर ज्या रिक्षावाल्या पोराची त्या आठवड्याची पाळी आहे त्याला उठवायचे. दवाखान्यात "परत जा" म्हटले तर भांडायचे नाही, शांतपणे म्हणायचे, "जातो, पण केसपेपर काढा, पाणी गेल्याची तक्रार आणि वेळ लिहा, आणि घरी पाठवतोय असं लिहून सही द्या." हे वाक्य आम्ही पाठ करून घेतो. आतापर्यंत दोनदा वापरावे लागले. दोन्ही वेळा सही मिळाली नाही, दोन्ही वेळा खाट मिळाली. बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे, ती कोणाची मेहेरबानी नाही, हेही पाठ करून घेतो.

काही जुन्या कार्यकर्त्यांनी आम्हाला सुनावले की चळवळ सोडून तुम्ही दाईचे काम करायला लागलात. त्यांना वाटले आम्हाला राग येईल. मांगीण-महारीणीने हजार वर्षे बिनमोल केलेले काम हलके आहे असे ज्याला वाटते त्याने आधी आपल्या डोक्यातला मनू तपासावा. आणि राजकीय मागणी हवीच असेल तर ही घ्या: प्रत्येक सरकारी दवाखान्यात पाणी गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईची नोंद, तिने सांगितलेल्या वेळेसकट, दारातच झाली पाहिजे, आणि न तपासता घरी पाठवणाऱ्याचे नाव त्या नोंदीखाली आले पाहिजे. निवेदन तयार आहे. सह्या चालू आहेत. पहिला अंगठा त्या सासूचा आहे.

येत्या फेब्रुवारीत पुन्हा बॅनर लागतील. आमचा प्रस्ताव आहे की यंदा निम्मे लावू आणि उरलेले पैसे रात्रीच्या रिक्षाच्या डिझेलला देऊ. ज्यांना हा बाबासाहेबांचा अपमान वाटतो त्यांनी रविवारी विहारात यावे, हिशेबाची वही समोर ठेवून बोलू.

जय भीम!